एका डब्याची आणि चार बाह्यांची हकिगत

मित्रांनो, आधी नाव सांगितलं तर तुमच्यातले निम्मे उठून जातील, म्हणून आधी रूप सांगतो. पांढरट पत्र्याचं अंग, पुढे एक फिरवायची कळ, एक हिरवा दिवा, आणि पोटातून निघणारी कागदाची लांब पट्टी. खाली चार चाकांची गाडी, तिचं एक चाक जरा हट्टी. भीती वाटावी असं यात काही आहे का? नाही ना? मग आता ऐका. मन खूप आजारी पडलं आणि औषधांना दाद देईनासं झालं, की विजेचे उपचार देतात, ते देणारं मी एक जुनं यंत्र आहे. बाहेर लोक मला 'शॉकचं मशीन' म्हणत. दवाखान्यात मात्र सगळे 'डबा' म्हणत, आणि तसं म्हटलं की मला आपलं कुणीतरी बोलावतंय असं वाटे.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांब टेबलावर झाला. चष्मा कपाळावर सरकवलेल्या एका बाईने माझ्या तारांना शेवटचा डाग दिला, मला हलवून कान लावून पाहिलं, आत काही वाजत नाही याची खात्री केली आणि पाठीवर थाप मारून पुढे ढकललं. माहेरचा निरोप एवढाच.

दवाखान्यात आलो तो थेट अडगळीच्या खोलीत. आठ महिने मोडक्या खुर्च्यांच्या संगतीत काढले. माझ्यावर राग नव्हता कुणाचा, पण माझ्या आधीच्या पिढीबद्दल लोकांनी बरंच ऐकलं होतं. पूर्वी माणसाला न झोपवताच हे उपचार देत. ते वाईटच होतं, मी त्याची बाजू घेणार नाही. मग एक नव्या डॉक्टरबाई आल्या. त्यांनी स्वतःच्या रुमालाने माझ्यावरची धूळ पुसली आणि म्हणाल्या, "चला, कामाला लागू."

माझं काम मोजून काही सेकंदांचं. आधी इंजेक्शन देऊन माणसाला झोपवायचं, अंग सैल पडायचं औषध द्यायचं, नाकातोंडाला प्राणवायू लावायचा. सैल पडायच्या औषधाआधी पायाच्या घोट्यावर एक पट्टा घट्ट आवळून ठेवायचा, म्हणजे ते त्या पावलात उतरत नाही. मग माझ्यातून थोडीशी वीज कपाळाच्या बाजूने जायची आणि मेंदूत छोटीशी आकडी यायची. सगळं अंग शांत, फक्त त्या एका पावलाची बोटं थरथरायची. डॉक्टरबाई ती बोटं पाहत, माझी पट्टी पाहत, घड्याळ पाहत. मिनिटभरात संपायचं. दहाएक मिनिटांनी माणूस डोळे उघडून विचारायचं, "कधी सुरू करणार?"

हजारो पावलं पाहिली मी. त्यातल्या एका पावलाची गोष्ट सांगतो.

ते पाऊल एका टेलरबाईचं होतं. मशीन चालवून चालवून टाचेला घट्टा पडलेला. तिच्याबरोबर तिची नणंद यायची. टेलरबाई बोलायची नाही आणि नणंद थांबायची नाही, त्यामुळे मला त्यांच्या घरातलं सगळं बसल्या जागी कळलं.

"दीड वर्ष झालं, सिस्टर," पहिल्याच दिवशी नणंद म्हणाली. "सुई ओवते आणि तशीच बसून राहते. सकाळची ओवलेली सुई संध्याकाळी त्याच बोटांत. आमच्याकडे सल्ल्यांची काही कमी नव्हती. मन रमव म्हणे, फिरून ये म्हणे. गोळ्या तीन तऱ्हेच्या झाल्या. आता तर म्हणते, मी नसलेलीच बरी. सहा वर्षांच्या पोरीची आई असं म्हणते."

"उपाशी आणलंय ना यांना?" सिस्टरनी विचारलं.

"पाण्याचा थेंब नाही पोटात."

"आणि तुमच्या?"

"माझ्या चहा आहे. दोनदा."

टेलरबाई छताकडे पाहत होती. हसली नाही. तिला हसू येत नव्हतं, दुःखही होत नव्हतं. आत सगळं बंद पडलं होतं, आणि त्यासाठीच तिला माझ्याकडे आणलं होतं.

आमच्या सिस्टरांचा एक नियम होता. या उपचारांनी आजूबाजूच्या दिवसांची आठवण विस्कटते, म्हणून प्रत्येक पेशंटने वही ठेवायची. काय कुठे ठेवलंय, कोण आलं, कुठलं काम अर्धं आहे, सगळं लिहायचं. टेलरबाईनेही वही केली. सिस्टरनी ती चाळली आणि विचारलं, "शिवणकामाचं काहीच नाही यात?"

"मापं मी लिहीत नाही," टेलरबाई म्हणाली. तिचं आम्ही ऐकलेलं हे पहिलं पूर्ण वाक्य. "अठरा वर्षं लिहिली नाहीत. डोळ्यांनी घेते, डोक्यात ठेवते."

आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, ती यायची. दुसऱ्या वेळेनंतर तिने आपणहून जेवायला मागितलं. तिसऱ्या वेळेनंतर मुलीची वेणी घातली. चौथ्याच्या आधी नणंदेने घरी राखाडी लोकरी कापड आणून टाकलं. "वहिनी, मला कोट हवाय."

"वन्सं, तुम्हाला दर हिवाळ्यात कोट हवा असतो," टेलरबाई म्हणाली खरी, पण तिने कात्री हातात घेतली.

आणि मग पाचव्या वेळी, सोमवारी सकाळी, ती आली ती दारातच उभी राहिली. कागदावर सही करायची होती. आमच्याकडे सही घेतल्याशिवाय कुणाला हात लावत नाहीत, नंतरसुद्धा कधीही नको म्हणता येतं. डॉक्टरबाईंनी पेन पुढे केलं. तिने ते घेतलं नाही.

"मी नाही झोपणार आज. पुन्हाही नाही."

"काय झालं?"

"वन्सं सांगतील."

नणंदेला तेवढंच हवं होतं. "बुधवारी संध्याकाळी हिने माझ्या कोटाच्या दोन बाह्या कापल्या. टाचण्या लावून खणात ठेवल्या. गुरुवारी इथे आलो. शनिवारी बसली आणि पुन्हा दोन बाह्या कापल्या. मग पाठीला कापड पुरेना. मला म्हणते, कापडवाल्याने कमी मोजलं, आत्ता जाऊन विचारते त्याला. पदर खोचून निघाली. दीड वर्षात कुणाशी साधा वाद घातला नव्हता हिने. मी मनात म्हटलं, भांड बाई, भांड. तेवढ्यात चप्पल घालताना काय सुचलं, हिने खण उघडला."

"त्यात माझ्या हातच्या खडूच्या खुणा होत्या," टेलरबाई म्हणाली. "खडू माझा, कात्री माझी. आणि मला काही म्हणजे काही आठवत नाही. डॉक्टर, माझी विद्या काही कागदावर नाही. सगळी इथे आहे." तिने कपाळावर बोट टेकवलं. नेमकं तिथे, जिथे माझी तार लागायची. "ती पुसली तर बरी होऊन तरी मी काय करू?"

मित्रांनो, मला कधी लाज वाटलीच असेल तर त्या क्षणी.

डॉक्टरबाईंनी तिला दारालगतच्या बाकावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या. "मी गोड गोड बोलणार नाही. या आठवड्यांतले काही दिवस जातील. बरेचसे परत येतात, काही येत नाहीत. मागच्या आठवणींतही एखादं भोक पडू शकतं. विद्या सहसा जात नाही. पण ते माझ्या तोंडून ऐकून तुम्हाला पटणार नाही." आणि नणंदेकडे वळून, "बाह्या आणल्यात?"

"आणल्या ना. मोडीत निघालेला कोट माझा आहे, पुरावा नको?"

सिस्टरनी माझ्यावरचा ट्रे बाजूला सारला. माझ्या सपाट पाठीवर बुधवारची बाही आणि तिच्यावर शनिवारची बाही ठेवली. टेलरबाई पुढे झाली, आधी नाखुशीने. तिने कडा जुळवल्या. खांद्याची गोलाई पाहिली. मनगटाकडे बोट फिरवत गेली. मग बाह्या उलट्या करून पुन्हा ठेवल्या, जणू कुणी फसवलंय अशा संशयाने.

सुताचाही फरक नव्हता.

"एकच नमुना ठेवून कापल्यात का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"नमुना कसला," ती हळू म्हणाली. "मी नमुना वापरतच नाही." बराच वेळ ती त्या कडांवरून बोट फिरवत राहिली. "मला ठाऊक नसताना हाताने बरोबर तीच गोलाई घेतली."

"भीती अजून वाटते?"

"वाटते की. पण डॉक्टर, मधे तर मला भीतीसुद्धा वाटत नव्हती. काहीच वाटत नव्हतं."

नणंद पहिल्यांदाच गप्प बसली होती. एवढी गप्प, की सिस्टरनी तिला पाणी दिलं.

टेलरबाईने पेन घेतलं. पण सही आधी केली नाही. वहीचं कोरं पान काढलं, नणंदेला उभं केलं, डोळ्यांनी एकदा वरपासून खालपर्यंत मापलं आणि लिहायला लागली. खांदा, छाती, बाही, उंची. कमरेचा आकडा लिहिताना नणंद म्हणाली, "तो जरा हळू लिही, सगळा दवाखाना बघतोय." टेलरबाई हसली. मोठं हसू नव्हतं ते, नाकातून निसटलेलं होतं, पण खोलीतल्या सगळ्यांनी ऐकलं. मग तिने सही केली.

एकूण नऊ वेळा ती माझ्याकडे आली. पुढे गोळ्या चालू राहिल्या, तपासण्या चालू राहिल्या. दुसऱ्या वर्षी महिनाभर पुन्हा मन उतरलं, तेव्हा ती दीड वर्ष थांबली नाही, आठवड्यात डॉक्टरबाईंकडे आली. त्या पहिल्या दिवसांतलं मुलीचं शाळेतलं नाटक मात्र तिला आजही आठवत नाही. "फोटोत मी पहिल्या रांगेत टाळ्या वाजवतेय," ती सिस्टरना सांगे, "म्हणजे गेले असणार. मुलगी पूर्ण नाटक मला पुन्हा करून दाखवते. फार लांबलचक आहे हो." हे सांगताना ती हसायची, आणि मग थोडा वेळ खिडकीबाहेर पाहायची. ते नुकसान खरं होतं. ते मी लपवणार नाही.

पुढे माझी कळ अडखळायला लागली, आणि सुबक, छोटं, बोलक्या पडद्याचं नवं यंत्र आलं. माझ्या शेवटच्या दिवशी बाहेरच्या बाकावर भूगोलाचे एक सर बसले होते. शाळा सोडून सात महिने घरात पडून होते. आत यायला तयार नव्हते. तपासणीला आलेली टेलरबाई त्यांच्याशेजारीच बसली होती.

"दुखतं का हो?" सरांनी विचारलं.

"झोपेत कळत नाही. नंतर डोकं दुखतं. दिवसभर गरगरतं."

"आणि विसरायला होतं?"

"होतं."

"मी नद्या शिकवतो. चाळीस-चाळीस नद्या तोंडपाठ आहेत." मग स्वतःच दुरुस्ती केली. "होत्या. आता वर्गाच्या दारापर्यंतही जाववत नाही."

"मग घाबरत घाबरतच आत चला, सर," टेलरबाई म्हणाली. "मीही तशीच गेले होते. तुम्ही उठाल तेव्हा मी इथेच आहे. एक नदी मला सांगा, नाही आठवली तर दोघं मिळून पुस्तकात बघू."

सर उठले. माझं ते शेवटचं काम.

आता मी परिचारिकांच्या शिकवणीच्या खोलीत, कपाटावर असतो. मुली माझ्याकडे बोट दाखवून नोट्स काढतात. मित्रांनो, मला पुसलं नाही तरी चालेल, माझ्या पत्र्याला त्याचं काही नाही. पण खेळताना कुणी जरा वेडंवाकडं वागलं की तुम्ही "याला शॉक द्या रे" म्हणून ओरडता, ते थांबवा. ते ऐकून एखादी बाई दवाखान्याच्या दारातून परत फिरते. आणि तुमच्या घरातलं कुणी असं बंद पडलं, तर त्याला उपदेश करू नका. मोठ्या माणसाला सांगा, डॉक्टरकडे न्या म्हणावं. बरोबर जा. आत त्याला आम्ही सांभाळू. बाहेरच्या बाकावर मात्र त्याच्या शेजारची जागा रिकामी असते, आणि तिथे बसायला मला पायच नाहीत.