कार्टमध्ये अडकलेला हेडसेट

जावयाचा हिशेब सरळ होता. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सासरे व्यायामाला तयार नव्हते. व्हीआर हेडसेट लावून बागेत फिरल्यासारखं वाटलं, तर पावलं टाकीन, एवढं मात्र त्यांनी कबूल केलं होतं. ते चालू लागले की आपल्या घरी जाणार आणि हॉलमधला सोफा मोकळा होणार.

पण हेडसेट कुठेच मिळेना. जिथे बघावं तिथे ‘स्टॉक संपला’. एका साइटवर शेवटचा एक होता, तोही कुणीतरी कार्टमध्ये अडवून ठेवलेला. जावई सकाळपासून फोनवर बोट झिजवत होता.

“कोण हा चिक्कू? घे तरी, नाहीतर सोड तरी!”

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, “अहो, ओरडताय काय? मीच ठेवलाय, बाबांसाठी. संध्याकाळी कुपन येणार आहे ना!”

“अगं बाई, आत्ता घे!”

तिने फोन उघडला. कार्टची मुदत संपली होती आणि हेडसेट दुसऱ्याच कुणी नेला होता.

सोफ्यावरून सासरे समजुतीने म्हणाले, “असू द्या हो, जावईबापू. मला कुठे घाई आहे? नवा माल आला की चालायला लागू.”

संध्याकाळी कुपन बायकोला मिळालं, सोफा सासऱ्यांकडे राहिला. किंमत तेवढी जावयाने मोजली, तीही वस्तू हातात न येता.