नकाशावरची मोकळी जागा

मी एक नकाशा आहे, या शहरातल्या झाडांचा. उपग्रहाने आभाळातून टिपलेल्या छायाचित्रावरून मला बनवलं. झाडी असेल तिथे हिरवा रंग, नसेल तिथे तपकिरी. इतकं साधं माझं शहाणपण.

मला बनवणारी ताई पालिकेत नोकरीला. चार महिने तिने माझ्यापायी डोळ्यांत तेल घातलं. पावसाळ्यातली छायाचित्रं ढगांनी भरलेली, म्हणून तिने गेल्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या तोंडावरचं एक लख्ख छायाचित्र निवडलं. जागेवर जाऊन पडताळणी करायची तेवढी राहिली. "वरून सगळं दिसतंय की! कशाला पायपीट?" साहेब म्हणाले आणि मी छापला गेलो. मोठ्या दालनात भिंतीवर टांगलं मला. माझा तोरा काय विचारता!

एके दिवशी ताई कौतुकाने वडिलांना घेऊन आली. ते निवृत्त माळी. इस्पितळामागची राई त्यांनी स्वतः लावलेली, तीस वर्षं जपलेली. चष्मा सावरत त्यांनी माझ्यावर बोटाने रस्ता धरला, इस्पितळ गाठलं आणि थबकले.

"अगं, माझी झाडं कुठं गेली?"

"असतील ना बाबा, नीट बघा."

"इथं तर सगळं तपकिरी आहे. पानगळीतला फोटो घेतलास की काय? तेव्हा ती बोडकी असतात गं. मेलेली नसतात."

ताईने माझ्या कोपऱ्यातली छायाचित्राची तारीख वाचली. माझ्या भरवशावर ती 'मोकळी जागा' वाहनतळाला देऊन झाली होती आणि त्याच सकाळी काम सुरू झालं होतं. दोघं तसेच धावत सुटले.

पुढचं मी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी ताई शेजारच्या टेबलावरच्या बाईंना सांगत होती, ते ऐकलं. राई आडवी झाली होती. बाबा ओंडक्यांमधून हिंडत होते, फांद्या हातात घेऊन बघत होते. सगळ्या फांद्यांना कोवळी पालवी फुटलेली. "मला एका शब्दाने बोलले नाहीत हो," म्हणत ताई हुंदके देऊन रडली. मीही रडलो असतो, पण कागदाला ते जमत नाही.

ताईने आपली चूक लेखी कळवली, मला दुरुस्त करायची परवानगी मागितली. साहेबांनी ताजं छायाचित्र मागवलं, माझ्याशी ताडून पाहिलं आणि अर्जावर शेरा मारला : 'नकाशा बरोबर आहे. दुरुस्तीची गरज नाही.'

मी अजून भिंतीवरच आहे. ताई माझ्यासमोरून मान खाली घालून जाते. कुणीतरी मला फाडून टाका हो. मी आता खरंच बरोबर आहे, आणि ते मला सोसवत नाही.