क्लच दाबून धर

आमच्या चिरंजिवांनी बापाकडून व्हॅनची किल्ली काढून घेतली, तीही गॅरेजमध्ये, दोन गिऱ्हाइकांच्या देखत. "बाबा, आता पुरे. सोमवारपासून ड्रायव्हर येतोय." किल्ली दिल्यावरही यांचा हात थोडा वेळ तसाच पुढे राहिला होता. ते बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आमची लाँड्री आहे. मी इस्त्रीचं बघते, हे हॉटेलांच्या चादरी पोचवतात. लग्नाआधीपासून गाडी चालवतात, आजवर कुणाचा आरसासुद्धा मोडलेला नाही. मागच्या आठवड्यात मात्र चौकात सिग्नलला उभी असलेली व्हॅन पुढे सरकली आणि रस्ता ओलांडणाऱ्या एक नर्सबाई पडल्या. गुडघा फुटला, मनगट मुरगळलं. तेव्हापासून हे रोज त्यांच्या घरी विचारपूस करायला जातात आणि परत आले की ताटावर नुसते बसतात.

मी तेव्हा शेजारीच होते. उशांच्या अभ्र्यांचा गठ्ठा घसरला, तो उचलायला वाकले, म्हणून मला दिसलं. यांचा बूट क्लचवर होता आणि पेडल पार तळाला टेकलं होतं. दिवा बदलणार म्हणून ब्रेकवरचा पाय तेवढा उचलला होता. गाडी पुढे निघाली तेव्हा हे ओरडले, "अगं, दाबलाय मी, दाबलाय!" आणि खरंच दाबलेला होता. क्लच दाबून धरला की गिअरमधली गाडीसुद्धा हलायला नको, पण ही चालत गेली.

हे मी मुलाला सांगितलं. मुलगा मेकॅनिक, गॅरेज त्याचं स्वतःचं. त्याने पेडल दाबलं, गिअर टाकला, पेडल सोडलं. परत दाबलं, टाकला, सोडलं. ऑइल बघितलं, काठोकाठ होतं. खाली वाकून टॉर्च मारला, थेंबसुद्धा गळत नव्हता.

"क्लच ठणठणीत आहे. नवी प्लेट मीच बसवलीय गेल्या महिन्यात." मग बापाच्या गुडघ्याकडे बघून म्हणाला, "बाबांना वाटतं दाबलाय, पण पाय सैल पडतो."

"मी डोळ्यांनी पाहिलं."

"आई, तुला यातलं काय कळतं?"

यातलं नाही कळत, पण याला मी चांगला ओळखते. क्लच बिघडलाय म्हटलं तर बोट याच्या कामाकडे वळणार. बापाचा गुडघा बिघडलाय म्हटलं की झालं, गुडघा काही भांडायला येत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि आमचे संन्यासीही असे की, फास आपल्या हाताने गळ्यात घालून बसले. मला म्हणाले, "खरंच सैल पडला असेल गं. पोराला त्यातलं कळतं." खरं सांगते, पोरापेक्षा मला यांचाच राग जास्त आला. आपला पाय कुठे होता, हे माणसाला दुसऱ्याने सांगायचं?

आणि आता किल्लीही गेली. गिऱ्हाइकांसमोर चिरंजीव पुन्हा पेडल दाबून दाखवत होते. दाबलं, सोडलं. दाबलं, सोडलं. तेव्हा माझ्या डोक्यात आलं की याने ते एकदाही दाबून धरलेलं नाही. सिग्नलला धरून बसावं लागतं. याला धीर कुठला, हा चहासुद्धा उभ्याउभ्या पितो.

"बस आत," मी म्हटलं. "गाडी चालू कर."

"आई, गिऱ्हाइकं आहेत."

"असू देत. बापाची शोभा त्यांच्यासमोरच केलीस ना? क्लच दाब, पहिला गिअर टाक."

त्याने टाकला. मी जाऊन बंपरसमोर हातभर अंतरावर उभी राहिले आणि म्हटलं, "आता ब्रेक सोड."

"वेड लागलंय का तुला?"

"क्लच ठणठणीत आहे ना? मग गाडी माझ्या अंगावर येईलच कशी? की तुझाही पाय सैल आहे?"

एक गिऱ्हाईक फिदकन हसलं. तेवढं पुरलं. चिरंजिवांनी ब्रेक सोडला.

गाडी जागची हलली नाही. "झालं समाधान?"

"दाबून धर," मी म्हटलं आणि तोंड सोडलं. "इंजिन कानाने कसं ओळखायचं ते तुला ज्याने शिकवलं, त्याचा पाय तुला खोटा वाटतो? हॉटेलवाल्यांना फोन करून सांगतोस, बाबांचं वय झालं? तो माणूस रोज त्या बाईंच्या दारात जातो, तू गेलास एकदा तरी? नवी प्लेट बसवली म्हणतोस. प्लेट नवी असेल, बाकीचं सगळं काय तुझ्या धाकाने नीट चालणार आहे?" मी बोलत राहिले. उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच मला कुणी मधे अडवलं नाही.

बोलता बोलता बंपर माझ्या गुडघ्यांना टेकला. आधी नुसता टेकला, रांगेत मागचा माणूस टेकतो तसा. मग ढकलायला लागला. मी एक पाऊल मागे सरले, तो पुढे आला. काचेतून मुलाचा चेहरा दिसत होता. तो खाली स्वतःच्या पायाकडे बघत होता.

"आई, बाजूला हो. दाबलाय मी, दाबलाय!"

आवाजसुद्धा बापाचाच.

त्याने ब्रेकवर पाय मारला आणि गचका देऊन इंजिन बंद पडलं. तेवढ्यात हे धावत आले, माझा दंड धरून मला बाजूला ओढलं आणि असे ओरडले की शेजारचा दुकानदार बाहेर आला. "अक्कल गहाण टाकलीस का? पाय मोडला असता तुझा!" आठवडाभर या माणसाच्या तोंडून धड वाक्य निघालं नव्हतं. मी मुकाट्याने ऐकून घेतलं. मला ते फार बरं वाटलं.

मुलगा खाली उतरला. "पेडलच्या सिलिंडरमधला रबर गेलाय," तो हळूच म्हणाला. "ऑइल बाहेर गळत नाही, आतल्या आत मागे सरतं. झटकन दाबलं तर कळतच नाही. धरून ठेवलं की दाब उतरतो, क्लच आपोआप लागतो आणि गाडी निघते." मग त्याने व्हॅनला लावलेली किल्ली काढली आणि बापासमोर धरली.

यांनी ती घेतली नाही.

"ती राहू दे. आधी सिलिंडर बदल," हे म्हणाले. "आणि संध्याकाळी माझ्याबरोबर नर्सबाईंकडे चल. माझा पाय सैल पडला, असं मी त्यांना रोज सांगत आलोय."