पायऱ्यांवरचं चर्च

नवं चर्च का बांधायचं, याची पाळकांनी इतकी कारणं दिली की ऐकणाऱ्याला वाटावं, यातलं एकही खरं नसणार. छप्पर गळतं, बाक कमी पडतात, तरुण पोरं फिरकत नाहीत. गवंडीमामा शेवटच्या बाकावर हाताची घडी घालून ऐकत होता. छप्पर त्यानेच मागे दुरुस्त केलं होतं, ते काही गळत नव्हतं. बाक तर निम्मे रिकामे. आणि तरुण पोरं म्हणाल, तर ती नव्या इमारतीतही उशिराच उठून आली असती.

खरं कारण खाली जिन्याच्या पायथ्याशी, चाकांच्या खुर्चीत बसलं होतं. ती मामाची थोरली बहीण. मंडळीत सगळे तिला ताईच म्हणायचे. आयुष्यभर तिने इथली गाणी बसवली, आणि गुडघ्यांनी दगा दिल्यापासून तो दगडी जिना तिचा वैरी झाला. एकदा चौघांनी तिला खुर्चीसकट उचलून आणलं. अर्ध्या वाटेत एकाचा पाय सरकला, खुर्ची कलली. ताई पडली नाही, पण सगळ्यांसमोर किंचाळली. "मी काय कपाट आहे?" एवढं म्हणाली, ती पुन्हा वर आलीच नाही. तेव्हापासून ती खाली बसून वरचं गाणं ऐकायची. कुणी बेसूर गायलं की खालून खोकायची. प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला पाळक सगळ्यांत शेवटी तिच्याकडे नेत. तिच्यासारखे आणखी काही जण तर घरीच राहू लागले होते.

उतार करता येतो का हे पाहायला मामाने जंग जंग पछाडलं होतं. खडूने आखून पाहिलं, दोरी ताणून पाहिली. चर्चची मागची भिंत खडकाला टेकलेली, आणि पुढे जिना संपतो तिथेच रस्ता. खुर्ची चढेल असा उतार काढला तर तो रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात शिरत होता. उपाय एकच उरला. खालच्या सपाट जागेवर नवं बांधायचं, आणि त्यासाठी हे विकायचं. घेणारा हे पाडणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

आणि हे चर्च मामाच्या बापाने बांधलेलं. जिन्याची पायरी न पायरी त्याच्या हातची. "देवाकडे जाताना माणसाला थोडी धाप लागलीच पाहिजे," असं बाप म्हणायचा. स्वतःचे गुडघे शाबूत होते तेव्हाचं ते तत्त्वज्ञान, पण मामाला ते अजून पटत होतं. बापाच्या कबरीशी त्याला कधी बाप भेटला नाही, तो भेटायचा त्या पायऱ्यांवर. त्याच पायऱ्या आता यंत्राने फोडणार, या विचाराने त्याचा जीव कासावीस व्हायचा.

मत घ्यायची वेळ आली. मंडळीची जुनी रीत अशी की चिठ्ठी नाही, हात वर करणं नाही. ठराव मान्य असेल त्याने देवासमोर उभं राहायचं, बाकीच्यांनी बसून राहायचं. बरोबरी झाली तर आहे तेच चालू. आणि मत फक्त आत हजर असेल त्याचं.

"मग आईचं काय?" ताईची मुलगी पुढच्या बाकावरून उठली. बाई शाळेत शिकवायची, जीभ तिखट. "जिच्यासाठी बांधताय ती खाली उन्हात बसलीय."

"नियम सगळ्यांना सारखा आहे," पाळक म्हणाले आणि उगीचच चष्मा पुसू लागले.

मामा उठला आणि तडक बाहेर पडला. भाचीला वाटलं, चिडून घरी निघाला. पण तो खाली जाऊन ताईसमोर पाठ करून वाकला.

"चल, बस पाठीवर."

"वेडा आहेस का? तू तर विरोधात ना?"

"आहेच. पण तुला खाली ठेवून जिंकलो, असं उद्या कुणी म्हणायला नको."

"आणि पाडलंस तर?"

"तू मला कडेवर घेऊन किती वेळा पाडलंस, ते आठव आधी."

ताई हसली आणि तिने त्याच्या गळ्यात हात टाकले. उभा जन्म मामा त्या पायऱ्या चढत आला होता, पण आज त्या त्याला उंच वाटल्या. मध्येच तो थांबला. ताईची बोटं त्याच्या सदऱ्यात रुतली होती आणि ती भीतीने थरथरत होती. त्या क्षणी त्याला बापाचा राग आला. बापाचा राग आपल्याला येऊ शकतो, हेच त्याला ठाऊक नव्हतं.

त्याने तिला शेवटच्या बाकावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसला. ताईने डोळे भरून सगळीकडे पाहिलं. "खिडकीची काच बदललीत, मला कुणी सांगितलंही नाही," ती पुटपुटली.

"ठराव मान्य असलेल्यांनी उभं राहावं."

बाक करकरले. पाळकांनी मोजलं, पुन्हा मोजलं. बसलेले एकाने जास्त भरले, आणि त्यांत ताईला धरलं नव्हतं. तिने हात वर केला होता.

"ताई, हात नाही चालत," पुढच्या बाकावरचे आजोबा ओशाळून म्हणाले. "आपली रीत..."

ताईने समोरच्या बाकाची पाठ धरली. सगळं बळ लावून अर्धी उठली आणि धपकन खाली बसली. पुन्हा धरली. दात ओठ खात होती. भाची गर्दीतून वाट काढत यायला निघाली.

मामाला बघवेना. त्याने ताईच्या काखेत हात घातले आणि तिला उचललं. उचलायला त्यालाही उभं राहावं लागलं. तिचं सगळं वजन त्याच्या छातीवर आलं.

पाळकांचं बोट त्या दोघांपाशी थबकलं. "मामा, तुम्ही ताईंना धरायला उभे आहात ना? मग तुम्हाला बसलेल्यांत धरतो. म्हणजे बरोबरी झाली."

नुसतं हो म्हटलं असतं तरी बापाचं चर्च वाचत होतं. मामाने समोरच्या भिंतीकडे पाहिलं.

"मी बसलो तर ही पडेल," तो म्हणाला. "उभ्यांत मोजा मला."

सभा संपल्यावर कुणी त्याच्याशी बोललं नाही, शाबासकी द्यायलाही नाही. त्याने ताईला पुन्हा पाठीवर घेतलं. जिन्याच्या तोंडाशी आल्यावर त्याने पायातले जोडे काढून बाजूला सारले.

"हे काय?" ताईने विचारलं.

"अनवाणी पकड चांगली बसते," तो म्हणाला आणि एकेका पायरीवर पूर्ण पाऊल टेकवत सावकाश उतरू लागला. त्याची मान भिजल्यावर त्याला कळलं की ताईही रडते आहे.