जिन्याविरुद्ध तक्रार

माझा धाकटा भाऊ पोलीस ठाण्यातल्या जिन्यावरून पडला. चौदा पायऱ्या. कागदावर तसं स्वच्छ लिहिलंय, खाली सही आणि शिक्का. आता ठाणं आहे बैठं. वर पत्रे आणि पत्र्यांवर एक मांजर. जिना असलाच तर तो जाणार कुठे? पण हे विचारणार कोण?

धाकटा फ्रिज दुरुस्त करतो. गोऱ्यांच्या वस्तीतल्या एका बाईंनी बोलावलं म्हणून गेला. शेजाऱ्यांनी फोन केला की दारात काळा माणूस हत्यार घेऊन उभा आहे. हत्यार म्हणजे स्क्रू ड्रायव्हर. बाई ओरडत राहिल्या, "अहो, माझं दूध नासतंय!" तोवर त्याला गाडीत कोंबलंही होतं. मी भेटायला गेले तेव्हा त्याचा एक डोळा उघडत नव्हता.

"जिन्यावरून पडलो, ताई," तो म्हणाला आणि मागच्या शिपायाकडे बघितलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

वीस वर्षांत आमच्या वस्तीतले अकरा जण या जिन्यावरून पडले होते. दहा उठले. गोरं माणूस मात्र एकही पडलं नाही. ती काय पंख लावून जन्माला येतात?

मी वेल्डर. माझ्या वर्कशॉपमध्ये वस्ती जमली आणि जो तो तावातावाने बोलायला लागला. गवंड्यांचे मुकादम काका तेवढे गप्प होते. शेवटी म्हणाले, "पोलिसांविरुद्ध तक्रार कुणी घेत नाही, पोरी. आपण जिन्याविरुद्ध करू."

दोनशे सह्या झाल्या. सदर जिना जीवघेणा आहे, न्यायालयाने पाहणी करावी, तोवर आम्हाला स्वखर्चाने कठडा बसवू द्यावा. पोलिसांचं नाव काढलं की कोर्टाची जी खिडकी जेवायला जाते, तिने हा अर्ज दहा मिनिटांत घेतला. दुसऱ्याच दिवशी कठड्याला परवानगी मिळाली आणि पाहणीची तारीखही पडली, गुरुवार, सकाळी अकरा.

तीन दिवस मी कठडा जोडत होते. डोळ्यांत पाणी आलं की म्हणायचे, वेल्डिंगचं आहे.

गुरुवारी आम्ही सगळे तो खांद्यावर घेऊन ठाण्याच्या आवारात शिरलो. मी ठाण्याच्या साहेबांपुढे आदेश धरला. "कुठे बसवू?"

साहेबांची गत धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी. "जिना... जिना दुरुस्तीला काढलाय."

"कुणी काढला?" काकांनी विचारलं. "गावातले सगळे गवंडी तर इथे उभे आहेत."

"मग असेल इथेच कुठेतरी!"

"मग इथेच बसवते," मी म्हटलं आणि आवाराच्या मधोमध टेकू देऊन कठडा तिरपा उभा केला. लोक रांगेने चढू लागले. गुडघा वर, पाऊल खाली, गुडघा वर. चौदाव्या पायरीला हात डोक्याच्या वर आणि पाय जमिनीवरच. एक शिपाई सवयीने म्हणाला, "सावकाश, मावशी." साहेबांनाही गप्प राहता येईना. कागदावर त्यांचीच सही होती. "एका वेळी एकच!" ते खेकसले.

रांगेत सगळ्यात शेवटी एक म्हातारी होती. अकरांतला जो उठला नाही, त्याची आई. ठाण्यात ती आज पहिल्यांदाच आली होती. ती चढली नाही. नुसती चहूकडे बघत राहिली.

अकराला मॅजिस्ट्रेटबाई आल्या, सोबत लेखनिक. त्यांनी कागद वाचला, कठडा बघितला, रांग बघितली. मग फाइल काखेत मारून कठडा धरला. "मी वर जाऊन बघते. साहेब, वर काय काय आहे, तेवढं सांगा म्हणजे नोंद करता येईल."

साहेबांना घाम फुटला. बाईंनी गुडघा उचलला.

"बाई, उतरा!" साहेब ओरडले. "इथे जिना नाहीये! कधी नव्हताच!"

लेखनिकाने ते लिहून घेतलं.

बाईंनी पाय खाली ठेवला. "पडलेल्या माणसाला आणा."

धाकट्याला आणलं. काय बोलायचं ते त्याच्याकडून इतके दिवस घोकून घेतलं होतं. तो पुन्हा तेच म्हणाला असता तर पुन्हा आतच गेला असता.

"जिन्यावरून पडलास?" बाईंनी विचारलं.

त्याने साहेबांकडे बघितलं. मग आमच्याकडे, दोनशे जणांकडे. हळूच कठड्यावर हात ठेवला.

"पडलो नाही," तो म्हणाला. "मारलं."

"याला घरी न्या," बाई म्हणाल्या. मी त्याला धरलं. तेवढ्यात मागून आवाज आला, "मीही पडलो नाही." मग दुसरा, तिसरा. दहाही जण बोलले आणि लेखनिक पानं उलटत राहिला.

म्हातारी शेवटी पुढे आली. तिने पायाखालच्या सपाट जमिनीकडे बघितलं.

"माझाही पडला नव्हता तर," ती म्हणाली. "आणि मी नऊ वर्षं त्यालाच बोल लावतेय, की जरा बघून चालायचं होतंस ना रे."