वाकड्या कोपराचा चेंडू

मी एक चेंडू आहे. चामड्याचा, एके काळी लाल होतो. आता रंग विचाराल तर धुळीचा.

बद्रीनाथ मास्तरांनी मला औरंगाबादहून आणलं आणि तलवाड्याच्या शहादेवच्या हातात दिलं. साल बहात्तरच्या दुष्काळाचं. शहादेव दिवसभर रस्त्याच्या कामावर खडी फोडायचा आणि उन्हं कलली की कोरड्या तळ्यात गोलंदाजी करायचा. पाणी नव्हतं, म्हणून तर मैदान मिळालं होतं! यष्टीमागे राधाकिशन, त्याचा जिवाभावाचा दोस्त. त्रिफळा उडाला की सगळ्यांआधी तोच ओरडायचा, "दांडी गुल!"

मास्तर सांगायचे, "पूर्वी इंग्लंडात चेंडू हाताखालूनच टाकायचे. ज्यांनी पहिल्यांदा हात वर नेला, त्यांना पंचांनी नो-बॉल दिले." शहादेव हसायचा. त्याचं उजवं कोपर लहानपणी चिंचेवरून पडून मोडलं होतं. ते कधी सरळ झालं नाही, पण टाकताना जास्त वाकायचंही नाही. जसं होतं तसंच फिरायचं, आणि मी टप्पा पडताच आत वळायचो. तो पडला त्या दिवशी त्याला पाठुंगळी घेऊन हाडवैद्याकडे पळाला होता, तो राधाकिशनच.

पुढच्या वर्षी नव्या सहकारी साखर कारखान्याने सामने भरवले. कारखान्याचा पायाच भरला जात होता, पण नोकऱ्यांच्या गप्पा गावोगाव पोचल्या होत्या. अंतिम सामना तलवाडा आणि कारखान्याच्या संघात. आमचा कर्णधार राधाकिशन. शेवटचं षटक आलं. समोर कारखान्याच्या अध्यक्षांचा भाचा, त्यांचा शेवटचा गडी. शहादेवने मला टाकलं आणि मधली दांडी उडाली.

मी यष्टीमागून नेहमीच्या आरोळीची वाट पाहिली. आरोळी अध्यक्षांच्या मंडपातून आली.

"फेकतोय! हात बघा त्याचा!"

पंच गोंधळले. त्यांनी राधाकिशनला विचारलं, "तुमी कर्णधार हायत. टाकताना ह्याचा हात वाकतो का?"

खरं काय ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? राधाकिशनने मंडपाकडे पाहिलं. मग म्हणाला, "कोपर वाकडंच हाय त्याचं." टाकताना ते वाकत नाही, एवढं मात्र सांगितलं नाही.

नो-बॉल.

शहादेवने परत हात वर नेला नाही. पंचांना सांगून त्याने मला हाताखालून सोडलं. "सरपटी! सरपटी!" सगळीकडे हशा. भाच्याने मला असं हाणलं की मी बाभळींच्या पलीकडे जाऊन पडलो. सामना गेला.

मला शोधायला शहादेवच आला. मागून राधाकिशन.

"कावून बे?" शहादेवने विचारलं.

"अध्यक्ष कारखान्यात लावतो म्हनले. पर आपुन हरलो तरच. घरची हालत तुला ठावं हाय."

"मग मला सांगायचं होतंस. म्या सोता फुलटॉस टाकला असता."

शहादेवने मला त्याच्या तळहातावर ठेवलं आणि त्याची बोटं माझ्याभोवती मिटवली. "घे. लई कमावलंस."

शहादेवने पुन्हा चेंडू धरला नाही, असं ऐकतो. राधाकिशनला नोकरी लागली. कारखान्याच्या चाळीत आता मी दाराला टेकण म्हणून पडलोय. त्याची बायको सत्यभामा झाडताना मला उचलते. तो मात्र पायानेच सरकवतो, हात लावत नाही. परवा पाहुण्यांनी विचारलं, "हा चेंडू कुठला?"

"आसाच. सापडला होता."

मी सापडलो नव्हतो हो. मला दिलं होतं. कुणी दिलं, तेवढं तरी एकदा त्याला सांगायला लावा.