वैद्यांच्या ओसरीवरचा खल

"अप्पा, हा खल शामकांतदादालाच का? मला का नाही?"

मित्रांनो, नीलांबरीने हे वडिलांना, विष्णुपंतांना, माझ्यादेखत विचारले. इंदू आणि शरिफा, तिच्या वर्गमैत्रिणी, खांबाआड उभ्या राहून तोंड दाबून हसत होत्या. पैज त्यांचीच होती.

मी एक जुना दगडी खल आहे. पारनेरकडच्या पाथरवटाने मला काळ्या दगडातून घडवले. विष्णुपंत वैद्यांच्या पणजोबांनी मला नगरला या घरी आणले. तेव्हापासून सुंठ, पिंपळी, हिरडा माझ्या पोटात खलला जातो आहे. पोट झिजून खोल गेले. आता तर जपानशी चाललेल्या लढाईमुळे क्विनाइन मिळत नाही, म्हणून हिवतापाचे सगळे रोगी आमच्याच दारी. खरे सांगू? दमलो हो मी!

लोक म्हणतात, "विष्णुपंतांचा खल लई गुणाचा!" पण खलणारीचे नाव कोणी घेत नाही. या घरची रीतच तशी. खलायचे लेकींनी, नाडी बघायची लेकांनी. लेक परक्या घरी जाणार. तिच्याबरोबर घरची विद्या जायला नको ना! विष्णुपंतांच्या बहिणीने, अंबिकेने, लग्न होईपर्यंत मला खलले. पुढे नेवाशाला, सासरी, तिचे तान्हे बाळ तापाने फणफणले. कोणती पुडी द्यायची, हे तिला कोणी शिकवलेच नव्हते. बैलगाडीने माहेर गाठेपर्यंत बाळ गेले. आता ती माहेरी आली तरी माझ्याकडे बघत नाही.

तर त्या दिवशी तिघी अभ्यासाला बसल्या होत्या; नीलांबरी औषध खलता खलताच. एअरलूम, इनहेरिटन्स, लेगसी, हेरिटेज या इंग्रजी शब्दांतला फरक शाळेच्या बाईंनी विचारला होता.

"सगळ्यांचा अर्थ वारसाच की!" इंदू कंटाळली.

"छे गं!" नीलांबरीने मला टिचकी मारली. "पिढ्यान्‌पिढ्या घरात जपला, म्हणून हा खल एअरलूम. अप्पांच्या मागे घर, शेत, जे जे पुतण्याला, शामकांतदादाला, मिळेल ते इनहेरिटन्स. हिरडा पोटाला चांगला, हे साऱ्या मुलखाला ठाऊक, ते हेरिटेज. आणि अप्पांची विद्या ही लेगसी. ते ज्याला देतील त्याची."

"म्हणजे खल दादाचा, घर दादाचं, आणि तुला साऱ्या मुलखातला हिरडा!" शरिफा खिदळली. "विचार की अप्पांना. बघू हिंमत!"

आणि तिने विचारलेच.

विष्णुपंत हसले. "अगं, सासरी काय धोंडा घेऊन जाणार?"

"काय मेलं खूळ!" आई आतून म्हणाली.

शामकांत कचेरीत कारकून. औषधाच्या वासानेही त्याला शिंका येतात. तो मला फडताळात ठेवणार. क्षणभर वाटले, सुटलो! पण मित्रांनो, विद्या बरोबर गेली नाही, तर माझ्यासारख्याचा नुसता दगड उरतो. जुन्या वस्तू पुसून-झाडून जरूर जपा. पण त्यांचे गुण घरातल्या कुणापासून लपवू नका. त्या लपवण्याने एक बाळ गेलेले मी पाहिले आहे.

नीलांबरीने बत्ता खाली ठेवला आणि हात परकराला पुसले.

"अप्पा, खल दादाला द्या खुशाल. आई, तूही बाहेर ये, ऐक. उद्यापासून मी अप्पांच्या शेजारी बसून नाडी शिकणार. आणि नाडी बघता येईपर्यंत सासरी जाणार नाही!"